ठरावाला जागलेले नगराध्यक्ष

नगरपालिकेच्या सभेत हात वर करून ठराव मंजूर करणे फारसे अवघड नसते. तो ठराव गल्लीत, नळावर, तळ्याच्या पायऱ्यांवर उतरवण्याची वेळ येते, तेव्हा मात्र सभासदाची खरी परीक्षा सुरू होते. मत देणारा सभासद त्याच गावात राहत असतो. ज्यांना ठराव रुचत नाही ते त्याचेच शेजारी, त्याचेच नातलग आणि त्याचेच मतदार असतात. कोकणातल्या महाड गावाने ही परीक्षा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच नव्हे, शतकापूर्वी पाहिली. तिच्यात उतरलेल्या माणसाचे नाव होते सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. लोक त्यांना सुरबानाना म्हणत.

महाडपासून समुद्र थोडा दूर आहे. पण बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने गलबते इथवर येत आणि घाटावरचा माल इथे उतरे. त्यामुळे महाड हे जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले गजबजलेले बाजाराचे गाव होते. भोवतालच्या खेड्यांतले लोक खरेदीला, सरकारी कामाला इथे येत. दिवसभर पायपीट केल्यावर तहान लागे. गावात चवदार तळे भरलेले असे. पण अस्पृश्य मानलेल्यांना त्या तळ्याला हात लावण्याची मुभा नव्हती. इतर धर्मांचे लोक तिथले पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत, आणि ही माणसे तेवढी कोरड्या घशाने परत जात.

कागदावरचे पाणी

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. टिपणीस याच नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून पुढे ओळखले गेले.

ठराव झाला, दप्तरात नोंदला गेला, आणि तिथेच राहिला. स्पृश्यांच्या विरोधापुढे तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही. तीन वर्षे अशीच गेली.

हे दप्तर पुन्हा उघडायला लावले ते १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून तयारी केली होती, तर अनंत विनायक चित्रे आणि टिपणीस हे पांढरपेशा समाजातले कायस्थ प्रभू गृहस्थ तिच्या पाठीशी उभे होते. तळे हाकेच्या अंतरावर असूनही परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तीन वर्षांपूर्वीच्या ठरावाची किंमत किती होती, हे त्या चाळीस रुपयांनी सांगितले!

२० मार्चला परिषद संपत आली तेव्हा चित्र्यांनी सुचवले, की नगरपालिकेने तळे खुले केलेच आहे, तर आपण सर्वांनी तिथे जाऊ या. लोक रांगेने निघाले. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, आणि मागून शेकडो ओंजळी तळ्यात बुडाल्या.

एका विहिरीची गोष्ट

त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार, अशी आवई उठली. मांडवात जेवायला बसलेल्या आणि गावाकडे परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली.

इथे मराठी माणसांच्याच राज्यातली एक जुनी आख्यायिका आठवते. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातले शहाजीराजे, म्हणजे एकोजीराजांचे पुत्र, यांनी १६९३ मध्ये ते चाळीसवर पंडितांना इनाम दिले. त्यांच्याच नावावरून गावाला शहाजीराजपुरम म्हणत. तिथल्या श्रीधर अय्यावाळ या सत्पुरुषाने श्राद्धासाठी शिजवलेले अन्न दारी आलेल्या भुकेल्या अंत्यजाला वाढले. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. तेव्हा त्यांच्या अंगणातल्या विहिरीतच गंगा उसळली, असे सांगतात. आजही कार्तिगै महिन्यातल्या अमावास्येला त्या विहिरीवर स्नानासाठी गर्दी होते.

तिरुविसनल्लूरला भुकेल्याला जेवू घालणाऱ्याच्या बाजूने गंगा उभी राहिली. महाडला तसा चमत्कार होणार नव्हता. तिथे माणसांनाच माणसांच्या बाजूने उभे राहायचे होते.

माघार आणि घरची माणसे

दुर्दैवाने नगरपालिका उभी राहिली नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. डिसेंबरात काही सवर्ण रहिवाशांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावला आणि कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूमही मिळवला. २५ डिसेंबरला सत्याग्रहासाठी लोक जमले, तेव्हा मांडवाला जागा मिळणेही कठीण होते. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाणे तहकूब झाले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन करण्यात आले.

सभागृह फिरले, पण टिपणीस फिरले नाहीत. आणि ते एकटेही नव्हते. २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. जात ओळखू यावी अशा तऱ्हेने लुगडे नेसणे, अंगभर जड दागिने घालणे सोडा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. तेव्हा टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी पुढे होऊन या बायाबापड्यांना घोळदार लुगडे नेसायला शिकवले. विटाळ पाळला जाई त्या काळात पदराला हात लावून निऱ्या सारख्या करून देणे, ही साधी गोष्ट नव्हती. पुरुषाचे सार्वजनिक मत त्याच्या घरात कितपत पोचले आहे, हे अशाच प्रसंगी कळते.

दावा मात्र वर्षानुवर्षे चालला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत टिपणीस बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कुलाबा जिल्ह्यातून कायदेमंडळावर निवडून आले. त्याच वर्षी १७ मार्चला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले सार्वजनिक तळे ठरले. ओंजळीतल्या पाण्यावर कायद्याचा शिक्का बसायला दहा वर्षे लागली.

आपल्या गावातला ठराव

१९९३ पासून ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेचे बळ दिले आणि एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण पुढे निम्म्यावर गेले. आज आपल्या वॉर्डातला नगरसेवक, किंवा नगरसेविका, आपल्या ओळखीची असते. त्यांनी किती गटारे बांधली, किती दिवे लावले, हे आपण विचारतोच. एक प्रश्न आणखी विचारावा. जो ठराव बहुसंख्य मतदारांना आवडणार नाही, पण ज्याने वस्तीतल्या शेवटच्या घराला पाणी मिळेल, त्यावर तुम्ही हात वर कराल का? आणि सभागृहाने माघार घेतली, तर तुम्ही कुठे उभे राहाल?

महाडला चवदार तळ्यावर दर वर्षी २० मार्चला हजारो लोक येतात. बाबासाहेबांना वंदन करतात, ओंजळभर पाणी पितात. त्या पाण्यात मोऱ्यांच्या पायपिटीबरोबरच चित्र्यांचा आणि सुरबानानांचाही वाटा आहे.