खडीत दडलंय काय?

दोस्तांनो, खिशातलं नाणं फरशीवर पडलं तर लगेच कळतं. खणखण आवाज होतो, नाणं गोल गोल पळतं आणि आपण त्याच्या मागे धावतो. पण तेच नाणं खडीवर पडलं तर? बारीकसा 'टक्' आवाज होतो, नाही तर तोही होत नाही. दोन दगडांच्या फटीत ते गुपचूप सरकतं आणि आपण पुढे निघून जातो.

अमेरिकेतल्या लहान गावांत जत्रेच्या मैदानाजवळ किंवा जुन्या दुकानांसमोर गाड्या लावायला अशीच नुसती खडी पसरलेली जागा असते. तिथे कधी कधी एक गंमत दिसते. एखादा माणूस हातात लांब दांडा घेऊन, कानाला हेडफोन लावून अगदी सावकाश चालत असतो. दांड्याच्या टोकाला ताटलीसारखी गोल चकती असते. हा माणूस हरवलेली नाणी शोधत असतो बरं का! त्याच्या हातात असतो मेटल डिटेक्टर, म्हणजेच धातुशोधक.

या चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून सतत दिशा बदलणारी वीज वाहते, म्हणून चकतीभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल, तर त्यातही विजेचे छोटे भोवरे फिरू लागतात आणि त्या भोवऱ्यांचं स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. यंत्र ते पकडतं आणि कानात वाजतं, 'कुंई!'

ही युक्ती बरीच जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. क्ष-किरणांचा शोध तेव्हा लागायचा होता. शरीरात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असंच एक यंत्र घेऊन गेले. पण अध्यक्षांच्या पलंगाच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यामुळे यंत्र गोंधळलं. शिवाय डॉक्टरांनी बेलना शरीराची एकच बाजू तपासू दिली. गोळी काही सापडली नाही.

म्हणजे यंत्र नुसतं 'इथे धातू आहे' एवढंच सांगतं. पुढचा विचार माणसानेच करायचा! नाणी पडतात कुठे? जिथे लोक किल्ल्या काढायला खिशात हात घालतात, तिथे. म्हणजे गाडीच्या दाराशी. अमेरिकेत चालक गाडीत डाव्या बाजूला बसतो, म्हणून उभ्या गाडीची डावी बाजू महत्त्वाची. तिकिटाच्या खिडकीसमोरही नाणी पडतात. जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथे बर्फ लोटणारी गाडी वरची खडीही कडेला ढकलते. तिच्याबरोबर नाणीही कडेला जातात!

मग आवाज आला की नाणं मिळालंच का? छे! खडीत बाटल्यांची बुचं, खिळे आणि थंड पेयांच्या डब्यांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या खच्चून भरलेल्या असतात. गंमत म्हणजे कडीचा आवाज अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यासारखाच येतो. सोन्याची अंगठीही बऱ्याचदा तसाच आवाज देते. कंटाळून कड्या सोडून देणारा माणूस कदाचित अंगठीही सोडून जातो! आणि १९६४ किंवा त्याआधीचं दहा सेंटचं नाणं हाती लागलं, तर मजाच. त्यात ९० टक्के चांदी असते.

आपल्याकडे हे काम आणखी अवघड. महाराष्ट्रातली बरीचशी खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची असते. त्या दगडातच लोहखनिजाचे कण असतात, म्हणून यंत्राला दगडही बोलल्यासारखे वाटतात. त्यात आपली स्टीलची नाणी! घरी एक प्रयोग करून बघा. १९९२ नंतरचं रुपयाचं नाणं घ्या आणि त्याला लोहचुंबक लावा. चिकटलं ना? आता आजोबांच्या डब्यातलं १९८० च्या दशकातलं रुपयाचं नाणं घ्या. ते चिकटणार नाही, कारण ते तांबं आणि निकेल यांचं आहे. 'लोखंड नको' असं सांगून ठेवलेलं यंत्र आपल्या स्टीलच्या रुपयाला खिळा समजू शकतं!

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सापडलेली वस्तू कुणाची?

१९९२ सालच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. इंग्लंडमध्ये हॉक्सन नावाच्या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचा मित्र एरिक लॉज धातुशोधक घेऊन गेला. यंत्र वाजलं आणि मातीतून निघाली सोन्याचांदीची रोमन नाणी! लॉजने थोडं खणलं, पण हे काही साधं प्रकरण नाही हे ओळखून तो थांबला. त्याने आणि शेतकऱ्याने अधिकाऱ्यांना कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी येऊन माती हलकेच बाजूला केली. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. आणि वस्तू जागच्या जागी असल्यामुळे हेही कळलं, की हा खजिना सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी लाकडी पेटीत नीट रचून पुरला होता. लॉज खणत सुटला असता तर ही माहिती कायमची गेली असती. त्याला साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. आणि तो हातोडा? तोही सापडला. आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

अमेरिकेतही खाजगी जागेत शोधायचं तर मालकाला आधी विचारावं लागतं. राष्ट्रीय उद्यानांत तर धातुशोधक वापरायला बंदीच आहे. उकरलेली खडी पुन्हा सारखी करायची आणि गाड्यांची ये-जा असेल तेव्हा तिथे पाऊल टाकायचं नाही, हे चांगल्या शोधकाचे नियम. आपल्याकडे १८७८ सालचा एक कायदा सांगतो, की जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायला हवं.

तेव्हा दोस्तांनो, अंगण खणताना एखादं जुनं नाणं दिसलं तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. जागेवर खूण करा आणि आधी मोठ्यांना हाक मारा. आणि मैदानावर कुणाची अंगठी सापडली, तर जिच्या बोटातून ती पडली ती बिचारी अजून शोधत असेल, हे लक्षात ठेवा. शाळेच्या फळ्यावर लिहून टाका: 'अंगठी सापडली आहे. ओळख पटवून घेऊन जा!'