बंद दार आणि न संपणारे तारुण्य

अमेरिकेतील ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या १९६२ मधील एका भागात एक वृद्धा मृत्यूच्या धास्तीने दार लावून बसते आणि जखमी पोलिसाला दयेपोटी आत घेतल्यावर तोच मृत्यू असल्याचे तिला कळते. तरुण रॉबर्ट रेडफर्डने साकारलेला हा मृत्यू मात्र विलक्षण सौम्य आहे. ब्रिटिश लेखक चार्ली ब्रूकर यांच्या ‘ब्लॅक मिरर’ने २०१६ मधील ‘सॅन जुनिपेरो’ या भागात मृत्यूच्या भयाचा हाच प्रश्न उलट्या बाजूने मांडला: मरणाऱ्याची जाणीव, म्हणजे त्याच्या आठवणी आणि व्यक्तिमत्त्व, संगणकात उतरवून त्याला कायम तरुण ठेवता आले तर? यातील नायिका केली हे अमरत्व आधी नाकारते, कारण ही सोय होण्यापूर्वीच तिची मुलगी वारलेली असते आणि मुलीला न मिळालेली संधी आपल्यालाही नको, म्हणून तिच्या पतीने मरण पत्करलेले असते. मरणाहून आपल्या माणसांपासून कायमचे तुटण्याचे भय मोठे ठरते, हे इतक्या नेमकेपणाने दूरचित्रवाणीवर क्वचितच आले असेल. अखेर केली आपल्या प्रेयसीसोबत राहणे निवडते, पण संगणकात उरलेली ती खरोखर केलीच की तिची हुबेहूब प्रतिकृती, याचे उत्तर ब्रूकर देत नाहीत.