एच.आय.व्ही., अमायलॉइड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या

एच.आय.व्ही. म्हणजे लवकरचा मृत्यू, अशी धास्ती एकेकाळी सर्वत्र होती. भारतात या संसर्गाची पहिली नोंद १९८६ साली मद्रास (आताचे चेन्नई) येथे झाली. १ एप्रिल २००४ पासून शासनाने ए.आर.टी. औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, आणि २०१७ पासून निदान होताच प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. नियमित औषध घेणारी व्यक्ती आता वार्धक्य पाहू शकते. म्हणूनच मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावीही या रुग्णांच्या मेंदूच्या आरोग्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. त्यामुळे रक्तातील अपायकारक घटक मेंदूत सहज शिरू शकत नाहीत. एच.आय.व्ही. मात्र रक्तातील पांढऱ्या पेशींत दडून, संसर्गानंतर काही आठवड्यांतच मेंदूत पोहोचू शकतो आणि रक्तवाहिन्यांभोवतीच्या संरक्षक पेशींत ठाण मांडतो. त्या पेशींतून बाहेर पडणारी 'टॅट'सारखी विषाणूची प्रथिने व दाहकारक द्रव्ये अस्तराचे सांधे सैल करतात.

आता अमायलॉइडविषयी. बीटा-अमायलॉइड हे प्रथिन प्रत्येकाच्या मेंदूत तयार होत असते. त्याचा काही भाग विकरांमुळे विघटित होतो, तर काही भाग रक्तवाहिन्यांच्या वाटेने बाहेर जातो. आपल्या काळ्या जमिनीत चर बुजला की पावसाचे पाणी शेतातच साचते. तसेच हा निचरा मंदावला की अमायलॉइड साचू लागते. ते धमन्यांच्या भिंतींत साचल्यास त्या ठिसूळ होतात आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अमायलॉइडचे विघटन करणाऱ्या नेप्रिलायसिन या विकराच्या कार्यात 'टॅट' अडथळा आणते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसून आले आहे.

याचा अर्थ एच.आय.व्ही. बाधित प्रत्येकास अल्झायमर होतो, असा मुळीच नाही. ते दोन भिन्न आजार आहेत. तथापि, बाधितांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू-खर्रा यांमुळे त्यात भर पडते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची कळकळीची विनंती आहे. गोळी घेण्याचा विसर पडणे, तेच तेच विचारणे, चाल मंदावणे, ही लक्षणे 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नयेत. विसरामुळे गोळी चुकते आणि गोळी चुकल्याने विषाणू पुन्हा बळावतो. हे चक्र घरातील माणसाच्या आठवणीनेच तुटते. रक्तदाब व साखर नियमित तपासून घ्यावी. अचानक तोंड वाकडे झाल्यास, हात लुळा पडल्यास अथवा बोलणे अडखळल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

२०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखणे बंधनकारक केले आहे. तेव्हा संकोचापायी तपासणी टाळू नये. औषधाने लाभलेले आयुष्य शुद्ध स्मृतीसह जगता यावे, हेच आमचे ध्येय आहे.