त्या गोळीआधी रक्तदाब आणि साखर तपासा

सातपूर एमआयडीसीतला कामगार पाठ धरली, साखर वाढली की सातपूरच्याच कामगार विमा रुग्णालयाचा रस्ता धरतो. लिंगाला ताठरता येत नाही, ही तक्रार मात्र डॉक्टरांसमोर बसूनही तोंडातून निघत नाही. मग मेडिकलच्या काउंटरवर हळूच नाव घेऊन गोळी मागितली जाते. वास्तविक सिल्डेनाफिल काय किंवा टाडालाफिल काय, दोन्ही चिठ्ठीवरच द्यायची औषधं आहेत आणि त्याला सबळ कारण आहे.

सिल्डेनाफिल मुळात या कामासाठी बनवलंच नव्हतं. इंग्लंडमधल्या सँडविच इथे फायझरचे शास्त्रज्ञ छातीतल्या कळेवर औषध शोधत होते. त्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग दिसेना, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. मार्च 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. भारतात तेव्हा औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं. त्यामुळे 2001 पासून देशी कंपन्यांची स्वस्त गोळी दुकानात आली.

कामोत्तेजना झाली की लिंगातल्या मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्यातून सीजीएमपी हे रसायन तयार होतं, स्नायू सैलावतात आणि रक्त भरतं. पीडीई-5 नावाचं विकर हे सीजीएमपी मोडत असतं. गोळी त्या विकराला अडवते, एवढंच तिचं काम. मनात इच्छाच नसेल तर मुळात सीजीएमपी तयार होत नाही आणि गोळीही काही करत नाही. तिला ‘ताकदीची गोळी’ म्हणणं म्हणूनच चूक आहे.

खरा धोका सॉर्बिट्रेटचा. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची ही छोटी गोळी अनेकांच्या खिशात असते. तीही नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेने रक्तवाहिन्या रुंदावते. दोन्ही औषधं एकत्र आली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जावा. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास सॉर्बिट्रेटसारखं कुठलंही नायट्रेट औषध चालत नाही. छातीत दुखू लागलं आणि आधी ही गोळी घेतलेली असेल, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. लिंगातल्या धमन्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर रुंद, हृदयाच्या 3 ते 4. रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला लागलं की त्याची झळ आधी अरुंद धमन्यांना लागते. म्हणून ताठरतेची तक्रार कित्येकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, तंबाखू ही दोन्हींची सामाईक कारणं. कधी मनावरचा ताण कारण असतो, तर कधी रक्तदाबाचंच एखादं औषध. हे मेडिकलवाल्याला काउंटरवरून कळणार नाही. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत तर लेबलवर न लिहिलेलं सिल्डेनाफिल अनेकदा सापडलं आहे.

र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि लैंगिक आरोग्यावर उघड लिहिल्याबद्दल कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी आपण कुजबुजतोच आहोत.

महिन्या-दोन महिन्यांपासून त्रास असेल तर डॉक्टरांना सरळ सांगा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या, चालू असलेली सगळी औषधं दाखवा. गोळी त्यानंतर, चिठ्ठीवर.