बर्फावरची मांडणी

सांवेरहून उज्जैन रस्त्याने इंदूर गाठावयाचे तर अंतर फार नाही. परंतु माळव्यातील मे महिन्यात पारा ४० अंशांवर चढलेला असतो. २०२० साली करोनाच्या साथीत इंदूर होरपळले, तेव्हा रोग्याचा स्राव बर्फाच्या पेटीतूनच न्यावा लागतो, हे लोकांस कळून चुकले. पेटी प्रयोगशाळेत उतरल्यावर पुढे काय घडते, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नाही.

पीसीआर म्हणजे जनुकद्रव्याच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत. कॅरी मलिस या अमेरिकन शास्त्रज्ञास ती १९८३ साली सुचली व १९९३ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक. चूकही त्याच वेगाने वाढते, ही यातली खरी मेख.

प्रती काढणारे ‘टॅक’ हे विकर मूळचे यलोस्टोन येथील ऊन झऱ्यांतल्या जंतूचे. नव्वद अंशांवरील आचही ते सोसते. मग त्याला बर्फावर का ठेवावयाचे? कारण खोलीतील उबेतही ते अगदी स्वस्थ बसत नाही. त्या वेळी प्रायमर नावाचे लहान तुकडे भलत्याच जागी किंवा एकमेकांनाच चिकटतात, आणि विकर त्या चुकीच्या जोडण्या पक्क्या करून टाकते. तापविल्याखेरीज जागी न होणारी ‘हॉट-स्टार्ट’ विकरे आल्यापासून ही धास्ती पुष्कळ कमी झाली. तरीही करोनाच्या चाचणीत आरएनएपासून डीएनए बनविणारे दुसरे विकर लागते. ते इतके कणखर नसते. आरएनए तर त्याहून नाजूक. बर्फ सुटत नाही तो यामुळे.

थंडी राखली की काम संपले, असेही नव्हे. उणे २० अंशांतही विकर ग्लिसरॉलमुळे गोठत नाही. ते दाट असल्याने नळीच्या तळाशी बसते. ते हलक्या हाताने मिसळावे, घुसळू नये. उलट, गोठलेले क्षारद्राव पूर्ण वितळवून नीट ढवळावे लागतात. नाहीतर वरच्या थरात मॅग्नेशियम कमी आणि खाली अधिक, असा प्रकार होतो. वारंवार गोठवणे-वितळवणेही घातक, म्हणून द्रव्ये आरंभीच लहान नळ्यांत वाटून ठेवतात. चकाकणारी रंगद्रव्ये उजेडापासून झाकतात.

रोग्यांच्या नळ्यांशेजारी एक नळी नमुन्याऐवजी नुसत्या पाण्याची असते. तिच्यात प्रती उमटल्या, की मिश्रणात कोठेतरी संसर्ग शिरला असे समजावे. मग त्या खेपेचे निकाल बाजूला ठेवून काम पुन्हा आरंभावे लागते, आणि सांवेरच्या घरी उंबऱ्याशी बसलेल्या माणसाला आणखी एक दिवस वाट पाहावी लागते.