गुडघे न वाकले तरी नमस्कार पोहोचतो

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की वऱ्हाडातील भाविक घरांत पंढरीच्या वाटेवाचून दुसरा विषय नसतो. कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून निघणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ सालापासूनची सांगतात. शेगावची पालखी अकोल्यावरून सुमारे महिनाभर पायी चालत भीमातीरी पोहोचते. ज्यांचे पाय चालतात ते भाग्यवान खरेच. परंतु प्रत्येक गावी काही माणसे उंबरठ्याशी उभी राहून दिंडीला हात जोडतात आणि आत जाऊन डोळे पुसतात. त्यांची भक्ती उणी नसते, गुडघे थकलेले असतात. आजचा हा लेख त्यांच्यासाठी आहे.

धारणीतील प्रश्न

एकदा आषाढात कीर्तनसेवेसाठी आमचे मेळघाटात धारणीस जाणे झाले. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे घाट ओलांडून जावे, तो पावसाने सातपुडा हिरवागार झालेला. तिकडचा मुलूख चढउताराचा. शेत उतारावर, पाणी दूर, डोक्यावर मोळी. बायाबापड्यांच्या गुडघ्यांना जन्मभर विसावा नाही. कीर्तन संपले, आरती झाली, लोक पाया पडून गेले. सत्तरीची एक माय मात्र खांबाला धरून उभीच होती. म्हणाली, "महाराज, औंदा वारी चुकली. गुडघा वाकत नाही, देवाच्या पाया पडता येत नाही. देवाले चालते का?"

त्या क्षणी आम्ही मनातून ओशाळलो. कारण नारदीय कीर्तन उभ्याने करावयाचे. आणि आमचाही उजवा गुडघा त्या रात्री पूर्वरंगापासूनच ठणकत होता. तरी 'कीर्तनकाराने बसावे कसे?' या अभिमानाने आम्ही दोन तास उभे राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि पुढच्या गावची सेवा रद्द करावी लागली. मायला जे सांगितले, ते आम्ही आधी स्वतःला सांगावयास हवे होते.

आठ अंगांचा हिशेब

साष्टांग नमस्कार म्हणजे काय? छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे या आठ अंगांनी केलेले वंदन. स्त्रियांनी पंचांग नमस्कार करावा असा संप्रदाय आहे. त्यातही गुडघे आहेतच. परंतु शास्त्रकारांनी आठांत मन, वाणी आणि दृष्टी यांची गणना का केली, याचा विचार करावा. या तिघांना सांधा नाही. त्यांना वात जडत नाही, वार्धक्यात सूज येत नाही. एक अंग आजारी पडले म्हणून उरलेली सात निकामी होत नाहीत. पंढरपुरातही चरणांवर मस्तक ठेवणे हे एकच दर्शन नव्हे. गर्दीत आत जाता न आलेला वारकरी दुरून मुखदर्शन घेतो. तेही न साधले तर कळसाला हात जोडतो आणि वारी पुरी झाली असे मानतो. मग घरातल्या देव्हाऱ्यापुढे खुर्चीवर बसून, पाय जमिनीवर टेकवून केलेला जप उणा कसा ठरेल?

सांधा हालता बरा

येथे दुसरी चूक होते. 'आता बसून जप चालतो' असे ऐकले की काहीजण खाटेवरून उठतच नाहीत. ही भक्तीही नव्हे आणि औषधही नव्हे. सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मांत 'जानु' म्हणजे गुडघा गणला असून त्याला इजा झाल्यास पंगुत्व येते असे म्हटले आहे. सांध्यांना स्निग्ध ठेवणाऱ्या कफास आयुर्वेदात श्लेषक कफ म्हणतात. आजचे वैद्यकही जवळचीच गोष्ट सांगते. हाडांच्या टोकांवरील मऊ कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील स्निग्ध द्रव हेच तिचे पोषण, आणि हालचालीने दाब पडून व सुटून तो द्रव तिच्यात खेळतो. म्हणून सांधा अजिबात न हालविणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय.

मांडीच्या पुढील बाजूचा स्नायू बळकट असला की गुडघ्याचा भार हलका होतो. त्यासाठी खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली आणावा. सकाळ-सायंकाळ प्रत्येक पायाने दहा वेळा. अंकांऐवजी नाम मोजले तर दुप्पट लाभ! सपाट रस्त्यावर झेपेल तेवढे रोज चालावे. व्यायामाने थोडे दुखले तर भिऊ नये. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले दिसले तर प्रमाण कमी करावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. देवळाच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मांडी घालून किंवा उकिडवे फार वेळ बसू नये. वजन अधिक असेल तर ते उतरवावे. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरील सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, असे संशोधकांनी मोजले आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण म्हणूनच गुडघ्यालाही लागू आहे.

उपवास आणि औषध

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पुष्कळ भाविक एकादशीला निर्जळ राहतात आणि दुखले की रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेतात. अशा बहुतेक गोळ्यांनी जठरास व्रण पडू शकतात, आणि पाणीही न प्यालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हातारपणी हे संकट अधिक. विदुरनीतीत आणि पुढे व्रतनिर्णयाच्या ग्रंथांत, ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी आहे, फळ आहे, दूध आहे आणि औषधही आहे. शास्त्राने दिलेली सवलत आपण हट्टाने का नाकारावी? गोळी लागणारच असेल तर ती डॉक्टरांना विचारून आणि पोटात काही घालून घ्यावी. मधुमेही व्यक्तींनी तर उपवासाचा निर्णयही डॉक्टरांना विचारूनच करावा.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, किंवा चालता चालता सांधा अडकू लागला, तर तेल चोळीत घरी बसू नये. धारणीस उपजिल्हा रुग्णालय आहे. जवळच्या दवाखान्यात त्याच दिवशी जावे.

चालणाऱ्याबरोबर चालावे

मायला आम्ही म्हणालो, "माय, देवाने तुझा गुडघा मोजला नाही, तुझे येणे मोजले." तिने उभ्यानेच हात जोडले, डोळे मिटले. आम्ही इतकी वर्षे निरूपण करतो. पण नमस्कार म्हणजे काय, ते त्या रात्री तिच्याकडून समजले. तेव्हापासून आमच्या कीर्तनात एक उंच चौरंग असतो. पूर्वरंग उभ्याने, उत्तररंग त्यावर बसून. पहिल्या दिवशी संकोच वाटला. श्रोत्यांनी मात्र तो चौरंग पाहिलाही नाही, ते कथा ऐकत होते.

यंदा ज्यांना वारी झेपेल त्यांनी जावे. ज्यांना झेपणार नाही त्यांनी वेशीपर्यंत तरी पालखीबरोबर चालावे, आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच देवळापर्यंत. चार पावलांची ही वारी रोज घडो, आणि विटेवर समचरण उभा असलेला तो पांडुरंग आपणा सर्वांच्या पायांना बळ देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.