इलॉन मस्कवर लोक का चिडतात?



मी चेन्नईत राहतो. आमच्या इमारतीतला एक मुलगा गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. टेस्लाच्या ऑटोपायलटचे काम पाहणारे अशोक एल्लुस्वामी याच कॉलेजचे. त्यामुळे मस्क म्हणजे या पोराचं दैवत! परवा लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "अंकल, एवढं काम करणाऱ्या माणसाचा लोक इतका राग का करतात?" लिफ्टमध्ये उत्तर द्यायला वेळ पुरला नाही, म्हणून आज सविस्तर बोलतो.

आधी २०१५ चा डिसेंबर आठवा. अड्यार नदीला पूर आला, विमानतळ बंद पडला. कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत म्हणून 'द हिंदू'सारखं १८७८ पासूनचं वर्तमानपत्र एक दिवस चेन्नईत निघालं नाही. त्या दिवसांत ट्विटर कामाला आलं. कुठे होडी हवी, कुठे जेवण मिळेल, कोणाचे आईवडील अडकलेत, हे अनोळखी माणसं एकमेकांना कळवत होती. मीही वरच्या मजल्यावर बसून असे निरोप पुढे ढकलत होतो.

गंमत बघा, त्याच महिन्यात २१ तारखेला मस्कच्या स्पेसएक्सने उपग्रह सोडून आलेला रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरवून दाखवला. तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. माणूस कर्तबगार आहे, यात वादच नाही. मग बिघडलं कुठे?

पहिलं कारण, त्याची जीभ. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत मुलं अडकली होती. त्यांच्या सुटकेत मदत करणाऱ्या एका ब्रिटिश माणसाने मस्कच्या छोट्या पाणबुडीची खिल्ली उडवली. मस्कने त्याला जाहीरपणे लहान मुलांवर वाईट नजर ठेवणारा ठरवलं. नंतर माफी मागितली, कोर्टात सुटलाही. पण एवढ्या मोठ्या माणसाचं मन एवढं छोटं, हे लोकांच्या लक्षात राहिलं.

दुसरं, बोलणं एक आणि वागणं एक. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलर देऊन त्याने ट्विटर घेतलं. कारण सांगितलं, अभिव्यक्तिस्वातंत्र्य. डिसेंबरमध्येच त्याच्याबद्दल बातम्या देणाऱ्या काही पत्रकारांची खाती बंद झाली. ओरड झाल्यावर त्यातली बरीचशी पुन्हा सुरू केली. याला आपल्याकडे 'हम करे सो कायदा' म्हणतात.

तिसरं, माणसांना वागवण्याची पद्धत. ताबा घेतल्यावर आठवडाभरात निम्म्या नोकरांना ईमेलने घरी पाठवलं. भारतातल्या ऑफिसांतही हेच घडलं. खर्च कमी करणं मालकाचा हक्क आहे, मान्य. पण कालपर्यंत राबलेल्या माणसाशी कसं बोलावं, याचीही एक रीत असते.

चौथं, निळी टिक. पूर्वी ती 'हा माणूस खरा आहे' एवढंच सांगायची. मग ती महिना आठ डॉलरला विकायला काढली. लगेच इन्सुलिन बनवणाऱ्या एका कंपनीच्या नावाने कोणीतरी खातं काढलं, टिक घेतली आणि 'इन्सुलिन फुकट' असं जाहीर केलं! पैसे देणाऱ्यांची उत्तरं वर दिसू लागली. पुरात अडकलेल्या माणसाला या फरकाचा अर्थ विचारा.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं. करपाक्कममध्ये अडकलेल्या अभिनेता विष्णु विशालने एक्सवर फोटो टाकला, होडी आली आणि त्याच्यासोबत आमिर खानही सुटला. म्हणजे माध्यम अजून चालतं. पण ज्याला कोणी ओळखत नाही, त्याची हाक वर कशी यावी?

पाचवं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत त्याने २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि पुढे सरकारी खात्यांच्या काटछाटीत बसला. त्याला कोणी निवडून दिलं नव्हतं. चावडी पाटलाने विकत घेतली, भोंगाही त्याच्याच हातात आणि निवाडाही तोच देणार. मग गावाने बोलायचं कुठे?

याचा चटका चेन्नईलाही बसला. ट्विटर घेताना मस्कला मदत करणारे श्रीराम कृष्णन इथलेच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना एआय सल्लागार म्हणून निवडलं, आणि एक्सवरच त्यांच्या भारतीय असण्यावरून गलिच्छ शेरेबाजी झाली. मस्क एच-१बी व्हिसाच्या बाजूने उभा राहिला, हे खरं. पण तेव्हा त्याच्यावर टीका करणाऱ्या काहींनी आपली टिक गेल्याची तक्रार केली. ते टीकाकार मला मुळीच आवडत नाहीत. तरीही विचारतो, आज त्यांची टिक जाते, उद्या कोणाची?

म्हणजे लोकांना श्रीमंतीचा राग नाही. टाटांच्या जाण्याने आपण हळहळलोच की! राग येतो तो बेलगाम सत्तेचा. मस्क उद्या गोड बोलू लागला तरी भोंगा एकाच हातात राहणार, ही अडचण संपत नाही.

त्या मुलाला मी एवढंच सांगेन: बाळा, त्याचं रॉकेट जरूर शीक. फक्त माणसाला मखरात बसवू नकोस.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.